१९५८ सालच्या पत्रावर ‘जि. सांगली’ कसं?

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

‘मी विट्याचा. आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, दुकान वडिलांपासून कोइमतूरला, त्यामुळे निम्मं वर्ष तिकडेच जातं. आजोबा बेचाळीसच्या चळवळीत होते, नंतर सोसायटी, शाळा अशी गावची कामं केली. ते गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. आत मंत्र्यांची पत्रं, शुभेच्छापत्रं, मोडीतले थोडे कागद आणि ताम्रपत्र निघालं. तेव्हापासून पुढाऱ्यांच्या सहीचे जुने कागद जमवायचा नादच लागलाय. आता एका विक्रेत्यानं यशवंतराव चव्हाणांचं १९५८ चं सहीचं पत्र दाखवलंय. अडतीस हजार सांगतो, रविवारपर्यंत थांबतो म्हणतो. फोटो सोबत आहे. शिवाय ओळखीचा रद्दीवाला जुन्या सरकारी फायली किलोवर देतो म्हणालाय. सांगलीचे चुलतभाऊ म्हणतात, ट्रंकेतलं वाटून घेऊ. त्यांना त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाला दोन-तीन कागद भेट द्यायचेत. मला सगळं लॅमिनेट करून दुकानात लावायचंय. बायको म्हणते, सह्या काय शिजवून खायच्या का? आजी अठ्ठ्याऐंशीची आहे, ती तर म्हणते जाळून टाका ते. काय करू?’
— एक सहीवेडा, विटा

सहीवेडे,

रविवारची मुदत आहे म्हणून अडतीस हजारांचं आधी. घेऊ नका.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात तारीख, ऑगस्ट १९५८. डोक्यावर छापलंय ‘मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य’. खाली टाइप केलेला पत्ता, शेवटी ‘विटा, जि. सांगली’. त्या साली यशवंतराव मुख्यमंत्री होते हे बरोबर, पण द्वैभाषिक, म्हणजे मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र असलेल्या मुंबई राज्याचे. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. आणि सांगली जिल्हा? संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. तुमचं विटं दक्षिण साताऱ्यात. त्याला ‘सांगली’ हे नाव मिळालं नोव्हेंबर १९६० मध्ये. एखादा टंकलेखक सवयीनं जिल्ह्याच्या गावाचं नाव ठोकून गेला असेल, हे एक वेळ मान्य करू. पण मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयानं पावणेदोन वर्षं आधीच नव्या राज्याच्या नावानं कागद छापून घेतले, हे कसं मान्य करायचं? तेही अशा काळात, जेव्हा ते राज्य मिळावं म्हणून संयुक्त महाराष्ट्रवाले रस्त्यावर होते आणि यशवंतराव त्याच द्वैभाषिकाचा कारभार हाकत होते!

सही मात्र झकास आहे. ती असणारच. बनवणाऱ्यानं सगळी मेहनत तिथेच घेतलेली असते, कारण गिऱ्हाईक तेवढंच बघतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

राग मानू नका, पण तुमच्या दुकानात कुणी अंगठीचा फोटो पाठवून ‘बावीस कॅरेट आहे, रविवारपर्यंत पैसे टाका’ म्हणाला तर तुम्ही त्याला चहासुद्धा पाजणार नाही. सोनं कसाला लावल्याशिवाय हातात न घेणारा माणूस कागद मात्र व्हॉट्सॲपवर घ्यायला निघालाय.

कागदाचा पहिला कस म्हणजे कॅलेंडर, आणि तो फुकट आहे. एक वही करा आणि आपल्या भागातल्या माणसांच्या पदांच्या तारखा लिहून काढा. यशवंतराव नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढे १९६६ पासून गृह, १९७० पासून अर्थ, १९७४ पासून परराष्ट्र. म्हणजे १९६३ च्या तारखेचं ‘मुख्यमंत्री’ शीर्षकाचं त्यांचं पत्र कुणी आणलं तर चर्चा तिथेच संपली. वसंतदादा मुख्यमंत्री झाले ते १९७७ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये. काँग्रेसच्या पत्रशीर्षावर चिन्ह असेल तर तेही बोलतं: १९६९ च्या फुटीपर्यंत बैलजोडी, १९७१ पासून इंदिराबाईंच्या पक्षाचं गाय-वासरू, १९७८ पासून हात. पिनकोड देशात आला १५ ऑगस्ट १९७२ ला. साठ सालच्या शीर्षावर सहा आकडी पिन छापलेला दिसला की पाकीट परत करायचं. नया पैसा १९५७ चा; त्याआधीच्या हिशेबाच्या कागदावर आणे-पै हवेत. या वहीला पैसे लागत नाहीत आणि निम्म्याहून जास्त बनावट माल तीच पकडून देईल, कारण बनवणाऱ्यांनी इतिहासाचा तास बुडवलेला असतो.

दुसरा कस तुमच्या दुकानातच आहे. सराफी भिंग घ्या, दहापटीचं. छापलेली सही असेल तर शाईच्या जागी बारीक ठिपके दिसतात. खरी फाउंटन पेनची सही कागदाच्या तंतूंत थोडी पसरलेली असते, वळणावर शाई साचून गडद होते, आणि हात उचलताना रेघ निमुळती होत जाते. नक्कल करणारा हळूहळू, चित्र काढावं तशी सही काढतो. त्याच्या रेघेला थरथर असते आणि सुरुवात-शेवट बोथट. मोठ्या माणसांच्या सह्या घाईच्या असतात हो, दिवसाला ढीगभर करायच्या असतात. कागद उलटा करून तिरप्या उजेडात धरा. बॉलपेनचा दाब मागे उमटतो. आणि बॉलपेनची सही असलेलं १९३० चं पत्र कुणी दाखवलं तर हसू आवरा, कारण बॉलपेन बाजारात आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, आपल्याकडे रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. नोटा तपासायची अतिनील बॅटरी तुमच्याकडे असेलच. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण १९५० नंतर कागदात सर्रास आली. स्वातंत्र्याआधीचं म्हणून दाखवलेलं पत्र त्या उजेडात निळसर पांढरं चमकलं तर घेऊ नका. १९५८ च्या पत्राला हा कस लागू पडत नाही, कारण त्या वेळचा खरा कागदही चमकू शकतो.

आता एक गोष्ट कटू आहे. कागद अस्सल, तारीख अस्सल, तरी सही त्या माणसाची नसेल असं सर्रास होतं, आणि त्यात कुणाची लबाडी नसते. मंत्र्याकडे रोज पत्रांचा डोंगर. शुभेच्छापत्रांवर छापील सही असते, नाहीतर रबरी शिक्का मारलेला असतो. कधी स्वीय सहायक ‘करिता’ लिहून स्वतःची सही करतो आणि तो ‘करिता’ घडीत पुसट झाला की पन्नास वर्षांनी नातू ती साहेबांची समजतो. नकलेवर नुसतं ‘सही/-’ टाइप केलेलं असतं. तेही ‘सहीचं पत्र’ म्हणून खपवणारे महाभाग आहेत. तुमच्या ट्रंकेतल्या शुभेच्छापत्रांतली बरीचशी या जातीची असणार. ताम्रपत्राचंही तसंच. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात ती देशभरच्या स्वातंत्र्यसैनिकांना दिली गेली, मजकुरात पंतप्रधान इंदिरा गांधींचं नाव कोरलेलं असतं. त्याला ‘इंदिराजींची सही’ म्हणून कुणी भाव सांगितला, तर ते कोरीव काम आहे, स्वाक्षरी नव्हे. अर्थात तुमच्या घरात त्याची किंमत वेगळीच आहे आणि ती बाजारात विचारायची नसते.

मोडी कागदांबद्दल तर आपली आजची सहीची कल्पना बाजूलाच ठेवा. मराठेशाहीत पत्र कारकून लिही, वर शिक्का उमटे, शेवटी मोर्तब, म्हणजे समाप्तीची मुद्रा, होई. कधीमधी धनी स्वतःच्या हातानं चार ओळी घाली, त्या स्वदस्तुराच्या. ‘शिवाजी महाराजांची सही असलेलं पत्र’ विकायला आलेला माणूस दारातूनच परतवा. तसंच ‘प्रतिसरकारचा’, म्हणजे बेचाळीसनंतर साताऱ्यात चाललेल्या भूमिगत सरकारचा, ‘सहीनिशी हुकूम’. ज्यांच्या डोक्यावर वॉरंट होतं, नाव बदलून कुंडलपासून वाळव्यापर्यंत रात्रीतून मुक्काम हलवत होते, ती माणसं खरी सही ठोकून कागद मागे सोडत फिरत नव्हती. असा कागद असूच शकत नाही असं नाही, पण असला तर तो कुणाच्या तरी घरातून, त्या घरच्या हकिकतीसकट येईल. विक्रेत्याच्या प्लास्टिकच्या फोल्डरमधून येणार नाही.

खरं सांगू? तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली वस्तू विक्रेत्याची नाहीच. तुम्ही ट्रंकेतल्या कागदांचे जे फोटो जोडलेत, त्यात त्या वेळच्या एका मंत्र्यांचं पत्र आहे. नाव इथे छापत नाही. टाइप केलेल्या चार ओळी, शाळेच्या कार्यक्रमाला येता येणार नाही अशा. त्याखाली शाईनं, घाईच्या अक्षरात, दोन ओळी जास्तीच्या. फोटोत त्यातलं ‘विहीर’ एवढं लागतं आणि पुढे एक रक्कम दिसते. त्याच्या समासात पेन्सिलीनं आणखी कुणीतरी लिहिलंय, बहुधा तुमच्या आजोबांनी: एक तारीख आणि ‘उत्तर दिले’. सही अर्धवट आहे, नुसती आद्याक्षरं. बाजारात या पत्राला फार कुणी विचारणार नाही. पण मंत्री आणि गावचा कार्यकर्ता यांच्यात विहिरीवरून काय चाललं होतं, पैसा कुठून येणार होता, नंतर आला का, हे त्या काळच्या खानापूर तालुक्यासारख्या दुष्काळी भागातलं राजकारण आहे, आणि ते कुठल्याही छापील चरित्रात सापडणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: सही बघायच्या आधी पत्र वाचा. पत्रात काही नसेल तर सहीला अर्थ नाही, आणि पत्रात काही असेल तर सही नसली तरी चालते.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. ते कागद वाईतल्या एका घरात पडून होते. साताऱ्यात इतिहासकार पारसनिसांनी आयुष्यभर कागद आणि चित्रं जमवली, तो संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. यांतल्या कुणी सह्या जमवल्या नाहीत. अलीकडचंही घ्या: २०१२ साली गांधीजींचे मित्र कॅलनबाख यांच्याकडचे कागद लंडनमधला लिलाव होण्याआधीच भारत सरकारनं विकत घेतले, त्यात गांधीजींच्या मुलांची आणि आप्तांचीही कितीतरी पत्रं होती. नुसत्या सहीचं म्हणाल तर खुद्द गांधीजी हरिजन फंडासाठी पाच रुपये घेऊन ती देत. वहीच्या पानावरची ती सही खरी असली तरी त्या पानावर वाचायला काही नसतं.

म्हणून पुढचं काम तातडीचं, आणि ते आजींकडे आहे. त्या ‘जाळा’ म्हणतात याचा अर्थ त्यांना त्यातलं बरंच काही आठवतंय. कोइमतूरला जायच्या आधी दोन-तीन दुपारी त्यांच्यापाशी बसा. एकेक कागद वाचून दाखवा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा (त्यांना सांगून). ही विहीर कुणाची, हे पत्र आणून कुणी दिलं, त्या दिवशी घरी कोण कोण होतं. त्या रागावल्या, गप्प झाल्या, तर तेवढ्यावर थांबा. दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगतील. प्रत्येक कागदाला पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं एक क्रमांक घाला, पेननं अजिबात नाही, आणि त्या क्रमांकापुढे वहीत त्यांचं सांगणं लिहा. कागद कुणाकडून कुणाकडे आला याची अशी नोंद म्हणजे अस्सलपणाचा सर्वांत भक्कम पुरावा. आजींसारखी साक्षीदार अडतीस हजारांत मिळत नाही.

रद्दीवाल्याचं: नको. आजोबांना आलेलं पत्र आजोबांचं, म्हणून आता तुमच्या घरचं. पण ज्या कागदावर कचेरीचा आवक शिक्का, फाइल क्रमांक, समासात साहेबांची टिपणी आहे, तो सरकारी अभिलेख. तो रद्दीत आला म्हणून मालकी बदलत नाही. केंद्राचा १९९३ चा आणि महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा यासाठीच आहे. केंद्राच्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही किलोवर घेतलं नाहीत तर तो दुसऱ्याला विकेल हे मला कळतं. त्याला सांगून ठेवा की असं काही आलं तर आधी तुम्हाला दाखव, आणि महत्त्वाचं दिसलं तर जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा पुराभिलेख विभागाला लेखी कळवा. सहकारी कारखान्याच्या, सोसायटीच्या दप्तराला हा कायदा थेट लागत नसला तरी ते संस्थेच्या मालकीचं असतं. संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय हात लावू नका.

अमेरिकेचंही तसंच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मूल्याचे दस्तऐवज आणि हस्तलिखितं पंच्याहत्तर वर्षांची झाली की पुरावस्तू ठरतात, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही. म्हणजे मोडी कागद, बेचाळीसच्या काळातलं काहीही, विमानात बसणार नाही. अशा वस्तूंची खरेदी-विक्री धंदा म्हणून करायची तर परवानाही लागतो. हे तुमच्या विक्रेत्यांना विचारून बघा, गंमत येईल. पुतण्याला चांगल्या कागदावर उत्तम रंगीत प्रत काढून, फ्रेम करून द्या. तो ती भिंतीवर लावेल, जे मूळ कागदाचं करायचंच नसतं.

चुलतभावांशी भांडू नका, त्यांचा हक्क आहेच. पण वाटणी कागदांची करू नका. मंत्र्यांचं पत्र त्यांच्याकडे, त्याला आजोबांनी दिलेल्या उत्तराची नक्कल तुमच्याकडे, असं झालं की दोघांकडेही उरते ती रद्दी. सगळं एकदा नीट स्कॅन करा, दोघांकडे पूर्ण संच ठेवा, मूळ एकाच जागी. ती जागा सांगलीतली असेल तर मी आडवी येईन. ते गावभागात राहतात असं तुम्हीच लिहिलंय. २००५, २०१९, २०२१, कृष्णेनं तीन वेळा सांगितलंय की तळमजल्यावर ठेवलेलं तिचं असतं. विट्याला पाणी नाही म्हणून आपण आयुष्यभर रडतो, कागदांच्या बाबतीत तेच वरदान आहे. (कधी कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका आणि चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी थांबेल, आणि जाणकाराला गाठा.) दोन्ही घरांना पटलं तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार यांच्याकडे चौकशी करा, घराण्यांकडचे खासगी कागद अशा संस्था घेतात. देताना यादीवर पोच मात्र सहीशिक्क्यानिशी घ्या. ती एक सही जमवण्यासारखी आहे.

लॅमिनेशन करू नका. अगदीच करायचं असेल तर रेशनकार्डाच्या झेरॉक्सचं करा. उष्णतेनं प्लास्टिक कागदात मुरतं, ते पुन्हा निघत नाही, आणि आतल्या आत कागद पिवळा पडत जातो. सेलोटेप, फेविकॉल, स्टेपल, काहीही लावू नका. आहेत त्या गंजक्या टाचण्या हळूच काढा. घड्या उलगडून कागद सपाट ठेवा, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वासाची प्लास्टिक फोल्डरं नकोत. पत्र्याची ट्रंक चालेल, पण जमिनीवर नाही आणि पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावरही नाही. उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. कसर आणि वाळवीसाठी वेखंडाची पुरचुंडी ट्रंकेच्या कोपऱ्यात, कागदाला न लागता. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, सगळं बाहेर काढून बघायचं. फेसबुकवर पत्रं टाकायची हौस असेल तर एवढं ध्यानात असू द्या, की कागद तुमचा असला तरी आतला मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो.

बाईसाहेबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. गुंतवणूक म्हणून या वाटेला जाऊ नका. विकायला निघालात की गिऱ्हाईक शोधता शोधता दमाल. वर्षाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा, दिवाळीच्या खर्चात बसेल अशी, आणि तिच्या वर जाऊ नका. नेहरू, पटेलांच्या मागे धावू नका. तिथे बनावटही जास्त आणि तुम्हाला तपासताही येत नाही. खानापूर, तासगाव, कडेगाव, पलूस एवढंच धरा. जुन्या निवडणुकांची पत्रकं, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा, पाणी परिषदेची निमंत्रणं, कार्यकर्त्यांची आपापसातली पोस्टकार्डं. यातली गावं, माणसं, हस्ताक्षरं तुमच्या ओळखीची आहेत. खोटा कागद आला तर तुम्हाला भिंगाआधी कळेल.

विक्रेत्याला अपमानास्पद काही लिहू नका. कदाचित तोही फसलेला असेल. एवढंच विचारा: हे पत्र कुणाच्या घरातून आलं, पाकीट आहे का, आणि १९५८ साली ‘महाराष्ट्र राज्य’ कुठल्या छापखान्यात छापलं? तिसऱ्या प्रश्नाला काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा.